शाळेच्या बदल्यात

चिरमुले मॅडमनी फळ्यावर गावाचं नाव लिहिलं आणि शेवटच्या बाकावर बसलेल्या रामहरी बोराटेला आधी वाटलं, आपण चुकीचं वाचतोय. नवी पिंपळमळी, तालुका इंदापूर. त्यानं डोळे बारीक करून पुन्हा वाचलं. नाव तेच होतं.

पुण्याला विद्यापीठात लोकप्रशासनाच्या एम.ए.चा तो वर्ग. साल चौऱ्याण्णव. वर्गातले बहुतेक जण सरकारी सेवेच्या परीक्षांची तयारी करणारे. कुणाला तहसीलदार व्हायचं होतं, कुणाला थेट कलेक्टर. चिरमुले मॅडम सार्वजनिक धोरण शिकवायच्या. त्यांचा तास कुणी बुडवत नसे. त्या दिवशी विषय होता धरणग्रस्तांचं पुनर्वसन.

"पुनर्वसन म्हटलं की आपल्याला अपयशच आठवतं," मॅडम सांगत होत्या. "पण नीट झालेली कामंही आहेत. भीमेवरच्या धरणात गेलेलं हे एक गाव. चार वर्षांत नव्या जागी इतकं छान रुजलं, की मी त्यावर लिहिलं तेव्हा लोकांना खरं वाटेना. रस्ता, शाळा, पिण्याचं पाणी, सगळं मिळालं. तिथले एक जाणते शेतकरी मला म्हणाले होते, 'बाई, पानी ग्वाड हाय, नदी सोडल्याचं आता वाईट वाटत न्हाय.' ते वाक्य मी अजून विसरलेले नाही."

 रामहरी कधी उभा राहिला ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

"मॅडम, पिंपळमळीचं पाणी खारं आहे."

सगळा वर्ग मागे वळला. हा मुलगा वर्गात बोलतो हेच अनेकांना त्या दिवशी समजलं.

"तुम्ही गेला होतात तिथे?" मॅडमनी विचारलं.

"मी तिथलाच आहे."

मॅडम रागावल्या नाहीत, उलट त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! मग तुम्ही आबाजींना ओळखत असाल. ते वाक्य त्यांचंच. आबाजी बो..." आणि त्या मध्येच थांबल्या. बोराटे हे आडनाव हजेरी घेताना त्या रोज वाचत होत्या.

"ते माझे वडील," रामहरी म्हणाला आणि मटकन खाली बसला.

रामहरीचं घर माळ्याचं. जुनी पिंपळमळी भीमेच्या काठाला खेटून होती. काळ्या जमिनीत वांगी, मिरच्या, गवार, आणि उन्हाळ्यात नदीच्या वाळूत कलिंगडं. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा रामहरी सहा वर्षांचा. गाव उठलं आणि बारामती-इंदापूर रस्त्यापासून आत, मुरमाड माळावर जाऊन बसलं. घरं ओळीत बांधली होती, रस्ते सरळ होते, मारुतीला नवं देऊळ मिळालं. गावासाठी विहीर खणली, तिला पाणीही लागलं, पण ते तोंडात धरवेना. त्या पाण्यावर लावलेलं वांग्याचं रोप पिवळं पडून मान टाकायचं. ज्या आबाजीच्या हातच्या भाजीला इंदापूरच्या बाजारात लोक थांबून राहायचे, तो आबाजी दुसऱ्याच्या मळ्यात कामाला जाऊ लागला.

मात्र शाळा मिळाली. सातवीपर्यंतची, पक्क्या भिंतींची, कौलारू. आसपासच्या गावांना तेव्हा तशी शाळा नव्हती. त्या शाळेतून रामहरी पहिला आला, इंदापुरात वसतिगृहात राहून शिकला, कॉलेजला गेला, आणि तिथल्या एका प्राध्यापकांनी सुचवलं म्हणून पुण्याला आला. गावात येणारे साहेब, त्यांच्या पुढं उभी राहणारी माणसं, हे सगळं त्यानं लहानपणापासून बघितलं होतं. आपण त्या खुर्चीवर बसायचं आणि समोरच्याचं नीट ऐकायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

आणि आता त्याच्या मॅडम सांगत होत्या, की त्याच्या बापानं पाणी गोड आहे म्हणून सांगितलं होतं.

मॅडमचं काहीतरी चुकलं असेल, त्यांनी भलतंच ऐकलं असेल, असं तो स्वतःला समजावत राहिला. तास संपल्यावर मॅडमनी त्याला थांबवलं.

"रामहरी, एक तर तुम्ही चुकताय, नाही तर मी. आपण सगळा वर्गच तिकडे नेऊ. समोरासमोर विचारू."

रामहरीनं घरी कार्ड टाकलं, वर्ग घेऊन येतोय म्हणून.

जानेवारीत एका सकाळी एस.टी.नं आणि पुढे टेम्पोनं सगळे पिंपळमळीला पोचले. रस्ते झाडून काढलेले, दारांत रांगोळ्या. देवळाच्या सभामंडपात सतरंज्या अंथरल्या होत्या आणि गावातली झाडून सगळी बाप्यामाणसं येऊन बसली होती. आबाजी धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून पुढं आला.

"ओळखलंत का मला?" मॅडमनी हात जोडले.

"व्हय तर! तवा तुमी लई बारीक हुता, बाई."

सगळे हसले. चहा झाला. मॅडम सतरंजीवर बसल्या आणि त्यांनी आडपडदा न ठेवता विचारलं, "आबाजी, रामहरी म्हणतो इथलं पाणी खारं आहे. मी मागे आले तेव्हा तुम्ही गोड आहे म्हणाला होतात. खरं काय ते सांगा."

रामहरी बापाकडं बघत होता. बाप मात्र त्याच्याकडं बघत नव्हता.

"पानी ग्वाड हाय, बाई," आबाजी म्हणाला. "रस्ता हाय, साळा हाय. आमाला काय कमी न्हाय. पोरगं पुन्याला ऱ्हातंय, त्येला हितलं काय ठावं?"

आजूबाजूची डोकी हलली. "व्हय, व्हय." ज्यांच्या अंगाखांद्यावर तो वाढला होता त्या माणसांनी, एकही जण न अडखळता, मान डोलावली. वर्गातला कुणीतरी तोंडावर हात ठेवून हसला. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि त्याच्याकडं बघायचं टाळलं.  आपण झोपेत आहोत की काय असं त्याला क्षणभर वाटलं. हाच माणूस दर उन्हाळ्यात त्या विहिरीला शिव्या घालायचा. याच्याच तोंडून खाऱ्या पाण्याच्या गोष्टी ऐकत तो मोठा झाला होता.

तो तडक उठून घरी गेला. आई, सिंधुबाई, चुलीपुढं भाकरी थापत होती.

"आये, आबा असा का बोलला?"

तिनं वर बघितलं नाही. "पाव्हनी जेवून जाऊ देत. मंग इचार."

चुलीशेजारी एक पिंप होतं, वर फडकं बांधलेलं. त्यानं फडकं सोडून आत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. गोड पाणी. पलीकडच्या गावच्या, कालव्याच्या चारीकाठच्या विहिरीचं. सकाळपासून बैलगाडीनं आणून ठेवलेलं. म्हणजे बाप सहज बोलून गेला नव्हता. सगळ्या गावानं मिळून तयारी केली होती, आणि ती त्याच्याच वर्गासाठी. त्याचं कार्ड मिळाल्यावर.

रामहरी त्या पिंपापाशी उभाच राहिला.

पंगत अंगणात बसली. भरीत, बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा. वर्गात वैदेही म्हणून पुण्यातली एक मुलगी होती. तिनं ठेचा भाजी समजून खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं, पेला रिकामा, वाढणारं जवळ कुणी नाही. ती उठून परसात धावली, मोरीशेजारच्या रांजणात तांब्या बुडवला आणि तोंडाला लावला.

पुढच्याच क्षणी तिनं सगळं पाणी भसकन बाहेर टाकलं. पंगतीतली माणसं उठून उभी राहिली. तिला काहीतरी चावलं असंच सगळ्यांना वाटलं.

"मॅडम," ती कशीबशी म्हणाली, "हे... हे पिऊन बघा."

मॅडम रांजणापाशी गेल्या. तांब्यातलं घोटभर पाणी त्यांनी तोंडात घेतलं. थुंकल्या नाहीत. गिळलं, आणि तांब्या सावकाश खाली ठेवला. मग वळून आबाजीकडं बघितलं.

"का?" त्यांचा आवाज चढला. "तेव्हाही आणि आजही? बारा वर्षं मी हे शिकवतेय, आबाजी! माझ्या हाताखालून शिकून गेलेली मुलं आज ठिकठिकाणी अधिकारी आहेत. त्यांना मी तुमचं गाव दाखवत आले, हे असं करा म्हणून. तुम्ही माझ्याशी खोटं बोललात!"

आबाजीचा चेहरा राखेसारखा झाला होता.  तो म्हणाला, "बाई, तवा तुमी इचारलंत, पर सायेब तुमच्या मांडीला मांडी लावून बसलं हुतं."

"कोण साहेब?"

"गावं बसवायचं काम बघनारं. तुमी यायच्या आधी दोन बारीला आलं हुतं. म्हनलं, पुन्याच्या बाई येत्यात. गाव झ्याक बसलंय असं लिवून गेल्या तर सातवीपोतर साळा मिळंल. रडगाणं लावलंत तर माज्या हातात काय न्हाय. आमी त्या देवळातच बसलो. म्हनलं, पानी काय, लांबनं आणता येतं. साळा कुठनं आणायची? तवा ठरलं. मी बोलायचं, बाकीच्यांनी व्हय म्हनायचं." त्यानं शाळेच्या दिशेला हात केला. "साळा आली, बाई. शब्द दिल्याला हाय. आज खरं बोललो आन् साळा काढून न्हेली म्हंजी? आजून पोरं शिकत्यात तिथं. ह्यो माजा रामा तिथलाच."

अंगणातल्या सगळ्या माना रामहरीकडं वळल्या.

त्याला त्या घडीला काय वाटलं ते पुढं कितीतरी दिवस त्याला सांगता आलं नाही. बापाचा राग येत होता आणि रागवायला तोंड नव्हतं. शाळेतला पहिला नंबर, इंदापूरचं वसतिगृह, पुण्याच्या वर्गातला तो बाक, सगळं या एका खोट्यातून आलेलं. ते खोटं आहे म्हणून ओरडायला त्याच बाकावरून तो उठला होता.  सिंधुबाई दारात भाकरीचं टोपलं घेऊन उभी होती. तिनं ते तसंच खाली ठेवलं आणि आत निघून गेली.

परतताना बारामतीच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. मुलं चहाला गेली. मॅडम बाकड्यावर बसून राहिल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "मी प्रश्न काय विचारतेय एवढंच बघितलं. कुणाच्या देखत विचारतेय ते बघितलं नाही." मग थोड्या वेळानं, "रामहरी, यावर तुम्ही प्रबंध लिहा."

"मी लिहिलं आणि शाळा गेली तर?"

"जाईल का ते आधी विचारा की कुणाला तरी."

हे इतकं सरळ होतं, की रामहरी त्यांच्याकडं बघतच राहिला. इतक्या वर्षांत गावातल्या कुणीही, त्यानंसुद्धा, हे कुणाला विचारलं नव्हतं.

इंदापुरात दत्तोबा शेंडे म्हणून एक निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी राहात. तालुक्यात धरणानं उठवलेल्या गावांच्या शाळा त्यांच्याच वेळी सुरू झाल्या होत्या. रामहरी गेला तेव्हा ते परसातल्या डाळिंबाच्या फांद्या छाटत होते. त्यानं सगळं सांगितलं. दत्तोबा आधी हसले.

"बदल्यात? कशाच्या बदल्यात? अहो, उठलेल्या सगळ्याच मोठ्या गावांना शाळा द्यायची होती. तुमची तर मंजूर होऊन पडली होती. त्या बाई येण्याच्या आधीच. भिंती बांधायला ठेकेदार मिळेना म्हणून थांबली होती."

"मग ते साहेब तसं का म्हणाले?"

"आता काय सांगावं? आपल्या कामाचं चांगलं लिहून यावं म्हणून म्हणाले असतील. नाही तर सहज बोलून गेले असतील. पुढच्या वर्षी बदली होऊन गेलेसुद्धा. त्यांना आठवतही नसेल."

रामहरीला पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता, पण तो तोंडातून निघून गेला. "आणि गाव खरं बोललं असतं तर?"

दत्तोबांनी कात्री खाली ठेवली. आता ते हसत नव्हते. "तर काय... कदाचित पाणी मिळालं असतं. पाण्याच्या योजनेत गावं घेताना जिथली ओरड जास्त ती आधी घेतली. तुमच्या गावाची कधी तक्रारच नव्हती. झ्याक चाललंय म्हणायचे सगळे. मग नाव मागंच पडत गेलं."

रामहरी उठला. नमस्कार केला की नाही हेही त्याला पुढं आठवेना. एस.टी. स्टँडवर पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपल्या पायांत दत्तोबांच्या चपला आहेत.

पिंपळमळीला आबाजी घरामागच्या तुकड्यातले दगड वेचून बांधावर रचत होता. त्या मुरमाडात तो दर वर्षी दगड वेचायचा आणि दर वर्षी तितकेच दगड वर यायचे. रामहरीनं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. सांगण्याची दुसरी रीत त्याला सुचली नाही.

"मंजूर हुती?" आबाजीनं विचारलं.

"व्हय."

"आधीच?"

"बाई यायच्या आधीच."

आबाजी बांधावर बसला. फेटा काढून मांडीवर ठेवला. "म्हंजी आमी उगंच..." एवढंच म्हणाला आणि पुढचं वाक्य त्याच्याच्यानं पुरं झालं नाही. त्यानं हातातल्या दगडाकडं बघितलं, जणू तो कशाला उचलला हेच विसरला होता. देवळात बसून ठरवणाऱ्यांतले अर्धेअधिक आता हयात नव्हते. ते गाव राखल्याच्या समाधानात गेले होते.

सिंधुबाई मागच्या दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिला मात्र आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं. नवऱ्याकडं बघत ती म्हणाली, "पानी काय लांबनं आणता येतं, असं म्हनला हुता तुमी देवळात. कुनी आणलं?"

आबाजीनं मांडीवरचा फेटा उचलून झटकला.

"तुला इचारते, रामा. तू तर हितंच हुतास. कुनी आणलं?" आणि आत वळता वळता म्हणाली, "बावड्याला जाऊन ये. मुक्ताकडं."

मुक्ता त्याची थोरली बहीण, बावड्याला दिलेली. दाराशी भाजीचं दुकान लावून बसायची. रामहरी गेला तेव्हा ती मेथीच्या जुड्या बांधत होती. भाऊ अचानक आलेला बघून ती आधी घाबरली.

"आबा बरा हाय न्हवं?"

"बरा हाय. आक्का, मला तुला येक इचारायचंय. पानी कोन आणायचं गं आपल्याकडं?"

मुक्ता खळखळून हसली. "येवढं इचारायला पुन्यासनं आलास व्हय? मीच आणायची. मी आन् गल्लीतल्या समद्या पोरी. सकाळी येक खेप, तू साळंत गेलास की दुसरी, आन् दिवस कलला की तिसरी."

"आन् साळा?"

"कुनाची? माजी?" ती जुडी बांधता बांधता म्हणाली, "ती साळा मी आतनं बघितलीच न्हाय. पानी आणायचं का साळंत जायचं? तुला डबा द्यायला यायची तवा दारातनं दिसायचं तेवढंच. फळा दिसायचा."

रामहरी खाली बघत होता. ती रोज डोक्यावर हंडे घेऊन त्याच्यासमोरून जायची. तिच्या हंड्यातलं पाणी पिऊन तो पाढे म्हणत बसायचा. नव्या पिंपळमळीच्या पाण्यावर वर्गात तावातावानं उभा राहिला तेव्हाही त्याच्या मनात विहीर होती, मुक्ता नव्हती.

"तुला राग न्हाय आला कंदी?"

"कुनाचा? मला कुठं कुनी काय इचारलं हुतं?" मुक्ता म्हणाली. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला आणि मान वाकवली. टाळूवर, हंड्याखालची चुंबळ बसायची त्या जागी, केस नव्हते. वाटीएवढी जागा गुळगुळीत झाली होती. "न्हाय आलं परत. लगीन ठरवायला आले तवा आयेनं पदर पुढं वढून बसवलं हुतं मला. दादल्याला मागनं कळलं. काय बोलला न्हाय बिचारा."

तिनं पदर पुन्हा पुढं घेतला. रामहरीच्या डोळ्यांपुढून ती टाळू हलेना. एकाच घरात, एकाच चुलीपाशी दोघं वाढले आणि हे त्यानं आज बघितलं, तेही तिनं दाखवलं म्हणून.  

"मी ह्यावर लिवणार हाय, आक्का. विद्यापीठात. तुजं बी लिवू का?"

"लिही की."

"नाव बदलून लिवतो."

"का?" मुक्ताचा हात थांबला. पहिल्यांदाच तिच्या आवाजात धार आली. "पानी मी वाह्यलं आन् नाव दुसरीचं? माजंच घाल. मुक्ताबाई आबाजी बोराटे."

रामहरीनं प्रबंध लिहिला. त्यासाठी गाव पुन्हा देवळात बसलं, आणि या वेळी सिंधुबाई न बोलावता जाऊन पुढं बसली. तिच्या मागोमाग बाकीच्या आल्या. चार म्हातारे कुरकुरले. शाळा जाणार नाही हे कुणाला पटेचना, दत्तोबांना इंदापुराहून आणावं लागलं. त्यांनी मंजुरीची हकीकत पहिल्यापासून सांगितली. एक म्हातारा शेवटी "आरं द्येवा" एवढंच म्हणाला.

मॅडमनी प्रबंध वाचला आणि दोन दिवस त्या विभागात आल्या नाहीत. मग आल्या त्या सरळ म्हणाल्या, "मला बावड्याला जायचंय. एकटीला."

"मी येतो, मॅडम. वाट दाखवायला."

"वाटेपुरते या."

बावड्याला दोघी आतल्या खोलीत बसल्या. दुकान बंद ठेवलं होतं. रामहरी पायरीवर बसून होता. आतून मुक्ताचा आवाज येत होता, तोही मधूनमधून. एकदा मोठ्यानं हसल्याचा. मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते.  पिंपळमळीचा धडा त्यांनी वर्गात शिकवायचा थांबवला नाही. फक्त त्या दिवसापासून त्या आधी स्वतःची चूक सांगायच्या आणि मग गावाची गोष्ट.

सत्त्याण्णव साली रामहरी राज्यसेवेची परीक्षा पास झाला आणि सहायक गटविकास अधिकारी म्हणून दूरच्या जिल्ह्यात रुजू झाला. पिंपळमळीला नळ आले त्याच्या दुसऱ्या वर्षी. त्यात त्याचा काहीच हात नव्हता. निवडणुका आल्या होत्या आणि आता हे गाव ओरड करायला शिकलं होतं. वरच्या आळीला पाणी चढतच नव्हतं, त्यावरून रोज भांडणं व्हायची.

आबाजी मात्र त्या बांधावरून जणू पुरता उठलाच नाही. कामाला जायचा, माणसांत बसायचा, हसायचा. पण गावात सरकारी गाडी आली, की हातातलं काम टाकून, खोरं खांद्यावर घेऊन रानाकडं निघून जायचा. कुणी विचारलं तर पाणी द्यायचंय म्हणून सांगायचा.

रामहरी पहिल्यांदा सरकारी जीपनं घरी आला, त्या दिवशी दुपारी घरात आई एकटीच होती. "आवाज आयकला आन् गेला बग," ती म्हणाली. रामहरी तसाच रानात गेला. बाप बांधाच्या कडेला पाठमोरा उभा होता.

"आबा!"

आबाजीनं वळून बघितलं. "तू हाईस व्हय? मला वाटलं कुनी सायेब आला."

"मीच आलोय, आबा."

आबाजी त्याच्याकडं बघत राहिला. इस्त्रीचा शर्ट, पायांतले बूट, खिशाला लावलेलं पेन. बघता बघता त्याचे हात आपोआप वर आले आणि जोडले गेले. ते जोडलेले हात बघून बाप आणि लेक दोघंही सारखेच दचकले.